दादाला फोन करायच्या आधी

आबा,

इथनंच पाया पडतो. हात पोचत नाही, समजून घ्या.

उद्या रविवार. सकाळी इथून फोन लावला की तिकडं निरवांगीत संध्याकाळ असते आणि दादा बूथवर येऊन थांबतो. उद्या मला त्याला हो किंवा नाही सांगायचंय. पण त्याआधी तुम्हाला विचारून घ्यावं म्हणून लिहायला बसलोय. प्रश्न तुमच्या जागेचा आहे. सगळी दुनिया त्यावर बोलतीय, आणि तुम्हाला तेवढं कुणी विचारलं नाही. हे काय बरोबर नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, मला धड लिहिता येत नाही. चौथीतनं उठलेला गडी, त्याच्या वेलांट्या कुठवर सरळ येणार? पण तुम्ही काय चुका काढणार नाही, हा एक फायदाच म्हणायचा!

मी कुठं आहे सांगू? मेक्सिको म्हणून एक देश आहे, अमेरिकेच्या खालच्या अंगाला. तिथल्या सालिना क्रूस नावाच्या बंदरात आमची बोट उभी आहे. इंजिनाचा एक भाग मोडला, नवा यायला वेळ आहे, तोवर बोट बैलासारखी दावणीला. मी डेकवरचा खलाशी. गंज खरवडायचा आणि रंग द्यायचा, एवढंच काम. पुढच्या टोकापर्यंत रंगवत जावं तर मागच्या टोकाला परत गंज फुललेला असतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "लेका, ह्याच्यापरास मेंढरं कातरली असतीस! लोकर तरी हाताला लागली असती."

समुद्र तुम्हाला कधी आवडलाच नाही. आपण कोकणात उतरलो होतो त्या वर्षी टेकडीवरनं पहिल्यांदा तो दिसला. मी नाचायला लागलो. तुम्ही थोडा वेळ बघितलंत आणि म्हणालात, "लई पाणी, आन् घोटभर बी पिता येत न्हाय. फसवी जात हाय." मग पाठ करून बसलात, आणि मेंढरांची तोंडंसुद्धा दुसरीकडं फिरवलीत! नातू नेमका त्याच फसव्या जातीच्या नोकरीला लागला. पण आबा, खरं सांगा, एका जागी न बसायचं हे खूळ मला दिलं कुणी? दादाला का नाही दिलं? मला उसाच्या ट्रॅक्टरवर बसवलं होतं. रान ते कारखाना, कारखाना ते रान. आठवड्यात डोकं उठलं माझं. तुम्ही तर मेंढरं विकल्यावरसुद्धा काठी घेऊन कऱ्हाटीपर्यंत चालत जायचा आणि "सहज" म्हणायचा. सहज कोण जातं हो एवढ्या लांब?

म्हणूनच ते तसं झालं. तुम्ही गेलात तेव्हा आम्ही मधल्या समुद्रात होतो. किनाऱ्याला लागल्यावर मी फोन केला. दादा म्हणाला, "बिरा, आबा गेलं." मी म्हणालो, "कुठं?"

खरंच म्हणालो. तुम्ही कुठं ना कुठं गेलेलेच असायचा. दादा गप्प झाला तेव्हा मला कळलं.

असो. रडून झालंय माझं. आज रडायला लिहीत नाही, भांडायला लिहितोय. सगळं रान सोडून तुम्ही त्या माळाच्या तुकड्यावरच का हट्ट धरलात? "आपला मेंढरांचा शेवटचा वाडा जिथं बसला व्हता तितंच मला माती द्या." झालं, दिली. वर दगड उभा केला. आता आपल्या रानात घर बांधायला कठीण जमीन तेवढीच आहे. बाकी सगळी काळी, त्यातही ऊस उभा. काळ्या रानात पाया धरत नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं का? का माहीत होतं म्हणूनच?

मागच्या रविवारी दादा आणि मी भांडलो. ते तुमच्या कानावर घालतो.

दादा म्हणाला, "घर बांधायचं ठरलंय. स्लॅबचं. आबांचा दगड तेवढा बांधाला न्यावा म्हणतो."

"नुसता दगड?"

"आबांना बी न्यावं लागंल. उकरून."

"दादा, आबा म्हंजी काय भुईमूग हाय व्हय, उकरायला?"

"मग कुठं बांधू? उसात? तुझं बरं हाय, तू पाण्यावर बसलायस! हितं पत्र्याच्या शेडात जीव उकडून निघतोय. तुझी वैनी पोटुशी हाय. तिची आई काय म्हणती ठावं हाय का?"

मला ठावं नव्हतं. वैनीची आई पिंपळीवरनं येऊन सांगून गेली होती, "लेक बाळंतपणाला नेते. पर पक्कं घर झाल्याबिगर माघारी धाडायची न्हाय. आन् मढ्याशेजारी तर पाळणा मुळीच बांधायचा न्हाय." आपली आये, तुमची सून, त्यावर रुसून बसली. ती म्हणते, म्हाताऱ्याला हलवलं तर मी त्या घरात पाय ठेवणार नाही. दादा मधल्या मधी. तो दिवसभर उसाला पाणी पाजतो आणि दोन्हीकडच्या बायांचं ऐकतो.

शेवटी म्हणाला, "तू व्हय म्हणल्याबिगर मी कुदळ लावत न्हाय. तू आबांचा लाडका. पर पुढच्या रविवारी काय ते सांग."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आबा. दमलेला होता. राग असता तर मी सरळ नाही म्हणून फोन ठेवला असता. आठवडाभर गंज खरवडताना माझ्या डोक्यात तेच.

आमच्या बोटीवर फ्रान्सिस म्हणून स्वयंपाकी आहे. गोव्याचा, माझ्या बापाच्या वयाचा, मराठी गोडगोड बोलतो. त्याला माझं तोंड बघवेना. म्हणाला, "बिरा, कप्तानाकडून दोन दिवस मागून घेतलेत. इथून वर ओआहाका म्हणून मोठं शहर आहे, तिथं जुनी इगर्ज आहे. तू चल. तू गंजाशी बोलायला लागलायस, ते बरं नाही."

मग गेलो. बस डोंगर चढत राहिली, नुसती वळणं. खिडकीतनं निवडुंग दिसायचे, खांबासारखे उभे आणि माणसापेक्षा उंच. मधेच एक बाई चार-पाच मेंढरं घेऊन चाललेली. लहान चणीची, काळी-पांढरी. मी खिडकीतनं हुर्रऽऽ केलं. मेंढरांनी मान वर केली! आपली भाषा तिथं तेवढ्यांनाच कळली.

फ्रान्सिसची इगर्ज म्हणजे चर्च. स्पॅनिश लोकांनी इथं राज्य केलं तेव्हा बांधलेलं. बाहेरनं किल्ल्यासारखा दगड, आणि आत गेलो तर आबा, नुसतं सोनं! भिंतीला सोनं, छताला सोनं. दारातून शिरल्यावर वर बघितलं तर छतावर एक वेल काढलेला, आणि त्याच्या फांद्यांना भोपळ्यासारखी माणसं लागलेली. फ्रान्सिस म्हणाला तो एका साधूचा वंश आहे. आपला असा वेल काढला तर तुमच्या फांदीला काय काय लोंबलं असतं! फ्रान्सिस गुडघ्यावर बसून रडला. त्याला त्याचं गाव आठवलं. मी मागं बाकावर बसलो. एवढं सोनं वर लावायला शिड्यांवर कोण चढलं असेल, हेच माझ्या मनात. रंगाचं काम करणाऱ्याला तेच सुचणार.

दुपारी मोंते आल्बानला गेलो. इथं झापोटेक नावाची माणसं राहत होती. स्पॅनिश यायच्या कितीतरी आधी त्यांनी डोंगराचा माथा कापून सपाट केला आणि वर राजधानी वसवली. आता पडकी झालीय, पण काय जागा आहे! वर आलो आणि माझे पायच थांबले. मधे लांबरुंद हिरवं मैदान. चारी बाजूला दगडी पायऱ्यांचे चौथरे. वारं असं की टोपी धरून चालावं. खाली तिन्ही बाजूंना दऱ्या, गावं मुंग्यांएवढी. आबा, मी लगेच मनात वाडा बसवला! घोडी त्या चौथऱ्याच्या आडोशाला, वाऱ्याला पाठ करून. चूल तिथं. मेंढरं मधे.

फ्रान्सिसला सांगितलं तर म्हणाला, "इथं राजांचे वाडे होतेच की."

मी म्हणालो, "तसला नव्हं. आमचा वाडा म्हंजी भिंतीचा न्हाय. मेंढरं, घोडी, चुली आन् माणसं जिथं रातीला टेकतात तो वाडा. सकाळी उचलला की रान मोकळं."

"भिंती नाहीत तर वाडा कसला?" असं म्हणून तो सावलीला जाऊन डबा उघडून बसला.

एका बाजूला मोठमोठे सपाट दगड उभे केलेत. त्यांवर वाकडीतिकडी माणसं कोरलेली. हात इकडं, पाय तिकडं, तोंड उघडं. कुणी म्हणतं ती नाचतायत, कुणी म्हणतं लढाईत मारलेले कैदी आहेत. मला तर बिरोबाच्या जत्रेत अंगात येतं ना, तशी दिसली. आणि मग माझा हात माझा राहिला नाही बघा.

तुम्ही नव्या रानात वाडा बसवायच्या आधी काय करायचा? एक दगड बघायचा, चिमूटभर भंडारा लावायचा आणि म्हणायचा, "जागंवाल्या, आमी आलोय. रातभर हाय. लेकरं-मेंढरं संभाळ, सकाळी उठून जातू." न विचारता तुम्ही कुठं उतरला नाहीत. आयेनं दिलेली भंडाऱ्याची पुरचुंडी माझ्या खिशात असतेच. मी काढली, त्या दगडाच्या पायाशी भंडारा लावला आणि म्हणालो, "जागंवाल्या, आमी आलोय..."

शिट्टी वाजली! असली की दरीत घुमली. राखणदार पळत आला. माझ्यापेक्षा थोडा मोठा, काळासावळा, आपल्याच गावचा वाटावा असा. त्यानं माझं मनगट धरलं. हात पिवळा, दगड पिवळा, वाऱ्यानं माझी विजारपण पिवळी. चोर असा रंगेहाथ कधी सापडला नसेल! गोरे पाहुणे फोटो काढायला लागले.

फ्रान्सिस तोंडातला घास तसाच घेऊन धावत आला. त्याची आजी पोर्तुगीज बोलायची, आणि पोर्तुगीज आणि इथली भाषा चुलत बहिणी आहेत, असं तो म्हणतो. चुलत बहिणींचं एकमेकींशी किती पटतं ते मी त्या दिवशी बघितलं. राखणदारानं पुरचुंडी हुंगली आणि विचारलं, "हे काय?"

फ्रान्सिस म्हणाला, "जेवण! जेवणात घालतात. मी स्वयंपाकी आहे, मी रोज घालतो."

"मग हा दगडाला जेवायला का घालतोय?"

फ्रान्सिस माझ्याकडं वळला. "आता सांग बाबा. दगडाला भूक लागली होती का?"

मी म्हणालो, "जागंवाल्याला इचारत व्हतो. आत येऊ का म्हणून."

फ्रान्सिसनं ते कसंबसं पलीकडं पोचवलं. राखणदाराचा हात जरा सैल झाला. तो म्हणाला, "विचारायचं ते तिकीट काढतानाच विचारतात." पण हसला. त्याचं नाव सेल्सो. स्वतः झापोटेक, जवळच्याच एका गावचा. त्यानं एक मऊ कुंचा आणून माझ्या हातात दिला. पाणी लावायचं नाही, डाग बसेल, कोरडंच झाडायचं. कुंचा धरणं हे तर माझं पोटापाण्याचं काम. मी एका गुडघ्यावर बसून कण नि कण झाडला. सेल्सो डोक्यावर उभा. नशीब, कोरलेल्या अंगाला लागला नव्हता. झाल्यावर त्यानं वाकून बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "आमच्यात लाल लावत होते. मेलेल्या माणसाच्या हाडांना. तू पिवळा घेऊन आलास. रंगच चुकला तुझा."

हाडं म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी फ्रान्सिसला म्हणालो, "त्याला इचार, ती हाडं कुठं ठेवायचे?"

सेल्सोनं दुसऱ्या राखणदाराला हाक मारून जागा संभाळायला सांगितली आणि आम्हाला उताराकडं नेलं. तिथं घरांचे पाये उघडे केलेत. एक घर म्हणजे मधे चौकोनी अंगण आणि चारी बाजूंना खोल्या. भिंती गुडघ्याएवढ्याच उरल्यात, पण कळतं. त्याच अंगणातनं खाली पायऱ्या जातात, आणि खाली दगडी दार. आबा, ती थडगी होती! घरातली. आजा खाली, नातू वर. पुढचं माणूस गेलं की दार उघडायचं, आधीच्याला थोडं सरकवायचं आणि नव्याला जागा करायची. घरात काय अडलं तर तिथं येऊन सांगायचं, असंही सेल्सो म्हणाला.

फ्रान्सिसनं छातीवर क्रूस काढला. मी विचारलं, "भ्या न्हाय वाटत?"

सेल्सो म्हणाला, "स्वतःच्या आजाचं? जिवंत असताना वाटत होतं का?"

"व्हय, लई!" मी म्हणालो. फ्रान्सिसनं ते सांगितलं आणि सेल्सो गुडघ्यावर थापा मारत हसला.

मग मी त्याला आपलं सगळं सांगितलं. तुमचा माळ, दादाचा पाया, वैनीची आई, आयेचा रुसवा. फ्रान्सिसला घाम फुटला सांगताना. मधेच तो अडायचा, हातानं कुदळ मारून दाखवायचा. सेल्सोनं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, आता त्यांच्यातही असं करत नाहीत. पाद्री आले, त्यांनी चर्चच्या मागं जागा आखून दिली, आणि त्याचा स्वतःचा बापही तिथंच आहे. "पण मेलेल्यांच्या सणाला आई बापाचं ताट घरातच वाढते," म्हणाला. "तिचं म्हणणं, एवढ्या लांब जेवायला कोण जाणार?"

निघताना त्यानं माझी पुरचुंडी परत दिली. वर गाठ मारून. परत सोडू नकोस, एवढंच खुणेनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर आम्ही मित्ला नावाच्या गावी उतरलो. तिथं झापोटेक राजांचे महाल आहेत. भिंतींवर दगडाच्या बारीक बारीक तुकड्यांची नक्षी, नागमोडी, पायरीपायरीची. घोंगडीच्या काठासारखी, पण दगडात! आणि त्याच महालाच्या एका चौकावर स्पॅनिश लोकांनी चर्च बसवलंय. जुनेच दगड काढून नवी भिंत रचलीय. लाल घुमट वर, जुना चौथरा खाली. फ्रान्सिस आधी कौतुकानं बघत होता, मग खालच्या जुन्या दगडांकडं वळला. म्हणाला, "आमच्याकडंपण असंच झालेलं आहे रे काही ठिकाणी. पण आता मी तिथंच प्रार्थना करतो. काय करू?" एक बाई तिथनं आली, तिनं चर्चच्या दाराला हात लावून कपाळाला लावला, मग जुन्या भिंतीला हात लावून कपाळाला लावला, आणि भाजीला गेली.

तिथं चौथऱ्यावर बसून मी लई विचार केला. आठवडाभर मला वाटत होतं की दादाही असलंच करायला निघालाय. कुणाचं तरी उपटून स्वतःचं बांधायचं. पण आबा, दादा काय घोड्यावरनं आलेला परका नाही, आणि तुम्ही काय हरलेले राजे नाही. तो तुमचाच नातू आणि तुमच्याच रानात भिंत घालतोय. भांडणच नाही हे. जागा दोघांना हवी आहे, एवढंच. मग ती दोघांना का पुरू नये?

पण घराखाली तुम्हाला ठेवायचं म्हटलं की मला पिंपळीचं लग्न आठवतं. दादाचं. व्याह्यांनी तुमच्यासाठी हॉलमध्ये गादी घातली, वर पंखा लावला. सकाळी बघतात तर गादी रिकामी! सगळं वऱ्हाड शोधायला लागलं. वैनीची आई रडकुंडीला आलेली, "पाव्हणं रुसलं, आमचं काय चुकलं?" आणि तुम्ही उघड्यावर, टेम्पोच्या मागं, घोंगडीवर ढाराढूर! उठून काय म्हणालात? "रुसलो न्हाय बया. छपराखाली मला कुणीतरी डबीत घातल्यावाणी वाटतं." तेव्हापासनं ती बाई तुमच्यावर जराशी रागावलेलीच आहे. मढं-बिढं सगळं नंतरचं!

अशा माणसावर स्लॅब कसा टाकायचा?

तिथंच मातीत बोटानं मी ते मोंते आल्बानचं घर काढलं. मधे अंगण, भोवती खोल्या. अंगणात तुम्ही, वर आभाळ. फ्रान्सिस वाकून म्हणाला, "अरे, हे तर आमच्या गोव्यातलं घर! आमच्यापण घराच्या मधे अंगण असतं, तुळस असते." मी बघतच राहिलो. कारण मला ते गोव्याचं दिसलं नाही, झापोटेकांचंही दिसलं नाही. आबा, मेंढरं मधे आणि चुली भोवती! तुम्ही जन्मभर हेच तर बसवत आलात. रोज नव्या रानात, भिंती न घालता.

चालेल का? सांगा की! तुमचं उत्तर मला येतंय ऐकू, तुमच्याच आवाजात: "माझं काय इचारतुस? मी हितं पडून राहणार. जिला त्यात राबायचं हाय तिला इचार."

आणि आबा, खरंच, आम्ही सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकलं. आयेचं, दादाचं, वैनीच्या आईचं. वैनीला कुणी विचारलंच नाही. उद्या फोनवर आधी तिला मागतो. ती नको म्हणाली तर? इथंच थांबतो. पुढचं उद्या.

आज रविवार. आबा, फोन झाला!

दादा म्हणाला, "बोल." मी म्हणालो, "वैनीला दे." तो म्हणाला, "तिला कशाला?" मी म्हणालो, "दे म्हणतो न्हवं!" ती बूथच्या बाहेर बाकड्यावर बसली होती. आत आली.

मी सगळं सांगितलं. मधे अंगण, चारी बाजूंना खोल्या, आबा जिथं आहेत तिथंच. शेवटी म्हणालो, "वैनी, घरात तुमाला ऱ्हायचंय. भ्या वाटत आसंल तर सांगा. मी सोता येतो, आबांना माझ्या हातानं बांधाला नेतो. परत एक अक्षर बोलणार न्हाय."

फोनात नुसती खरखर. मग ती म्हणाली, "भावजी, तुमच्या घरात आल्यापासनं मला समदी 'भिवाची बायकू' म्हणत्यात. शेवंता म्हणून हाक मारणारं एकलं आबाच व्हतं. त्यांचं काय भ्या वाटायचंय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला, तर तीच पुढं म्हणाली,

"पर अंगणात आबा असल्यावर माझं धुणं कुठं वाळू घालू?"

"त्यांच्या डोक्यावर."

"मग चालतंय." हसली. "पर आधीच सांगून ठिवते. रोज सकाळी सडा पडणार. आबांना वल्लं लागलं तर कुरकूर चालायची न्हाय."

"आन् तुमची आई?"

"आईचं मी बघते. तिला म्हणावं, म्हाताऱ्यानं तुझ्या गादीवर पाठ टेकली न्हाय म्हणून एवढा राग बरा न्हवं."

दादानं फोन घेतला. म्हणाला, "ह्येच मला आधी सुचाय पायजे व्हतं." आणि मग हळूच, "बिरा, पाया आखाय येशील का? आबा असतं तर दोरी त्यांनीच धरली असती."

येतो म्हणालो. तुम्हालाही सांगतो, आबा, आणि हे लिहून देतो म्हणजे पक्कं. इंजिनाचा भाग आला की पुढच्या मोठ्या बंदरात मी उतरतोय, रजा मागून ठेवलीय. पाया आखताना दोरीचं एक टोक माझ्या हातात असेल. तुमच्या चारी बाजूंनी मोजून पुरती जागा सोडू. अंगणावर स्लॅब नाही, पत्रा नाही, ताडपत्रीसुद्धा नाही. दादा म्हातारा होऊन पावसाला कंटाळला तरी नाही. पोरगं होऊ दे नाहीतर पोरगी, रांगायला लागलं की पहिल्यांदा तिथंच सोडीन. तुमच्या दगडाला धरून उभं राहील, ओढील, चाटील. तेवढं सोसा.

आणि शेवंतानं सांगितलेलं विसरू नका. सड्याचं.

तुमचा धाकला,
बिरा
निरवांगीचा, सध्या बोटीवर